सर्वांचं तारण होईल असं मानणारा माणूस इव्हँजेलिकल असू शकतो का?

प्रश्न असा आहे: बायबल हेच अंतिम प्रमाण मानणारी आणि ख्रिस्तावाचून तारण (पापातून सुटका) नाही असं ठामपणे सांगणारी व्यक्ती 'शेवटी सर्वांचं तारण होईल' असंही मानू शकते का? आणि तसं मानत असेल, तर तिला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातली, म्हणायचं की नाही?

थोडक्यात सांगायचं तर अशी माणसं आहेत आणि त्यांचा युक्तिवाद बायबलच्या वचनांवरच उभा आहे. पण प्रमुख इव्हँजेलिकल संस्थांनी त्यांचं मत आजवर आपल्या विश्वासाच्या चौकटीत घेतलेलं नाही. हा वाद बहुतेक वेळा 'देवाचं प्रेम की देवाचा न्याय' असा मांडला जातो आणि तिथेच तो भरकटतो. प्रेम आणि न्याय दोन्ही बाजू मानतात. मृत्यूनंतर पश्चात्तापाला जागा उरते का, हा माझ्या मते या वादाचा खरा कणा आहे. वचनांचे अर्थ, ग्रीक शब्द, मंडळीचा (चर्चचा) इतिहास यांपैकी कुठूनही सुरुवात केली, तरी चर्चा फिरून याच प्रश्नापाशी येते.

आधी भूमिका नीट वेगळ्या करून घेऊ, कारण निम्मं भांडण त्या एकात एक मिसळल्यामुळे होतं. पारंपरिक मतानुसार देवाला नाकारणारे पुनरुत्थानानंतर न्यायाला सामोरे जातील आणि जाणीव शाबूत असताना अनंतकाळ शिक्षा भोगतील. नाशवादी किंवा सशर्त अमरत्व मानणारे म्हणतात की अमरत्व ही ख्रिस्तात मिळणारी देणगी आहे, मानवी आत्म्याचा अंगभूत गुण नाही. म्हणून दुष्टांचा शेवट नाशात होईल आणि तो नाश कायमचा असेल. सर्वतारणवादी नरक नाकारतात असा सर्रास समज आहे. इव्हँजेलिकल सर्वतारणवाद्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ते नरक मानतात, शिक्षा मानतात, त्या शिक्षेची भीषणताही मानतात, पण तिचा हेतू शेवटी सुधारणा आहे आणि ती संपते असं म्हणतात. ख्रिस्ताचा क्रूस आणि व्यक्तीचा विश्वास यांच्याशिवाय कोणी स्वर्गात जाईल असं ते म्हणत नाहीत. 'सगळे धर्म एकाच ठिकाणी पोहोचवतात' ही तर पूर्णपणे वेगळी भूमिका आहे. ती खोडून काढली म्हणजे यांना उत्तर दिलं असं होत नाही.

चौथा गट आशावाद्यांचा. सर्वांचं तारण होईलच असं ते ठरवून सांगत नाहीत, पण तशी आशा धरायला हरकत नाही असं म्हणतात. विसाव्या शतकातले स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ याच कारणाने वादात सापडले. सर्वतारण हा सिद्धांत म्हणून शिकवायला त्यांनी नकार दिला आणि ती शक्यता बंद करायलाही नकार दिला. आशा आणि सिद्धांत यांत फरक आहे. एखाद्या लेखकावर टीका करण्याआधी तो यांपैकी नेमकं काय म्हणतो ते तपासा. 2011 च्या मार्चमध्ये अमेरिकन पाळक रॉब बेल यांचं 'लव्ह विन्स' आलं तेव्हा हीच गल्लत झाली. पुस्तक बाजारात येण्याआधीच निषेध सुरू झाला होता. जून 2011 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या मोठ्या प्रॉटेस्टंट संप्रदायाने फीनिक्सच्या अधिवेशनात नरकाच्या वास्तवाबद्दल ठराव केला. बेल यांनी मात्र पुस्तकात प्रश्न आणि शक्यता मांडल्या होत्या, सर्वतारणाचा सिद्धांत उघडपणे स्वीकारला नव्हता. त्या गदारोळात सर्वतारणाचा काटेकोर युक्तिवाद मागेच पडला. तो बेल यांच्या आधीच आलेला होता.

तो अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस टॅल्बट यांनी मांडला. त्यांचं मुख्य पुस्तक 1999 चं. तीन विधानं घ्या: देवाला सर्वांचं तारण हवं आहे, देवाला जे हवं ते तो साध्य करू शकतो, काहींचं तारण कधीच होणार नाही. ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण प्रत्येकाच्या बाजूने वचनं दाखवता येतात. पहिल्यासाठी 1 तीमथ्य 2:4, दुसऱ्यासाठी इफिस 1:11, तिसऱ्यासाठी मत्तय 25:46. प्रॉटेस्टंटांमधल्या दोन परंपरांपैकी कॅल्व्हिनवादी पहिलं विधान मर्यादित करतात: तारणाचा संकल्प निवडलेल्यांसाठी आहे. आर्मिनियन दुसरं मर्यादित करतात: माणसाला दिलेलं स्वातंत्र्य देव मोडत नाही. सर्वतारणवादी तिसरं सोडतात. टॅल्बट यांचा मुद्दा असा की प्रत्येक परंपरा कुठल्या तरी वचनांना दुसऱ्या वचनांच्या प्रकाशात वाचतेच. मग तिसरं विधान सोडणाराच तेवढा 'बायबल न मानणारा' कसा ठरतो?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं की तिन्ही विधानांचा वचनांतला आधार सारख्या जातीचा नाही. न्यायाचे इशारे येशूच्या तोंडी, थेट ऐकणाऱ्याला उद्देशून, पुन्हा पुन्हा येतात. कुठल्याही मताने त्यांना समजावून सांगितलं, तरी ऐकणाऱ्याला बसलेला धक्का टिकून राहिला पाहिजे. पण एवढ्याने टॅल्बट यांचं म्हणणं खोडलं जात नाही, हेही मान्य करायला हवं.

आता वचनांकडे. अभ्यासाची सुरुवात तीन ठिकाणं वेगळी करण्यापासून करावी. अधोलोक म्हणजे मृतांची जागा, पुनरुत्थानाच्या आधीची. नरक असा अनुवाद होतो तो मूळ शब्द गेहेन्ना. नव्या करारात तो 12 वेळा येतो, 11 वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. प्रेषित पौल तो आपल्या पत्रांत वापरतच नाही. अग्निसरोवर फक्त प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात. लूक 16 मधला श्रीमंत माणूस अधोलोकात आहे, त्याचे भाऊ अजून पृथ्वीवर जिवंत आहेत. त्यामुळे अंतिम शिक्षा किती काळ चालते हे त्या दृष्टान्तावरून ठरवता येत नाही. पारंपरिक बाजू ही चूक वारंवार करते. दुसऱ्या बाजूची तितकीच लोकप्रिय चूक म्हणजे 'गेहेन्ना हा यरुशलेमबाहेरचा सतत जळणारा उकिरडा होता' हे विधान. पहिल्या शतकातला तसा पुरावा नाही. हे स्पष्टीकरण मध्ययुगीन यहूदी भाष्यकार डेव्हिड किम्ही यांच्यापर्यंतच मागे नेता येतं. गेहेन्ना हे नाव ज्यावरून आलं त्या हिन्नोमच्या खोऱ्याची भीषणता यिर्मया 7 आणि 19 मधून येते: तिथे मुलांचे बळी दिले गेले आणि तिथेच न्याय होईल असं संदेष्टा सांगतो.

मत्तय 25:46 वर सगळ्यांत जास्त शाई खर्च झाली आहे. सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन, एकाच वाक्यात एकच विशेषण. ऑगस्टीनपासूनचा युक्तिवाद असा: जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंतच. सर्वतारणवादी उत्तर देतात की 'आयोनिओस' या मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ येणाऱ्या युगाचं, आणि कालावधी नामावर अवलंबून असतो. रोमकरांस 16:25-26 मध्ये हेच विशेषण आधी सरून गेलेल्या काळाला आणि लगेच पुढे देवाला लावलं आहे, हे त्यांचं चांगलं उदाहरण आहे. नाशवादी तिसरा मार्ग काढतात: इब्री 9:12 मधली सार्वकालिक मुक्ती म्हणजे सोडवण्याची क्रिया अनंतकाळ चालत नाही, तिचा परिणाम कायम राहतो, शिक्षेचंही तसंच. माझ्या मते या शब्दावर एकट्याने निकाल लागत नाही. 'हा शब्द नेहमी अनंतच असतो' आणि 'हा शब्द कधीच अनंत नसतो' ही दोन्ही विधानं कोशापुढे टिकत नाहीत. त्याच वचनातल्या 'कोलासिस' म्हणजे शिक्षा या शब्दावरून 'ही सुधारण्यासाठीच असते' असं काही जण म्हणतात. ॲरिस्टॉटलने तसा भेद केला होता हे खरं. पण 2 मक्काबी या प्राचीन यहूदी ग्रंथात, 4:38 मध्ये, तोच शब्द खुन्याला दिलेल्या देहदंडासाठी आला आहे. मेलेल्या माणसाची सुधारणा तिथे अभिप्रेत नाही. हा युक्तिवाद वापरू नये.

सर्वतारणवादाचं खरं बळ पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस 5:18 मध्ये आदामामुळे सर्वांना दंडाज्ञा, ख्रिस्तामुळे सर्वांना नीतिमत्त्व. कलस्सै 1:20 मध्ये आकाशातल्या आणि पृथ्वीवरच्या सगळ्यांचा समेट. 1 करिंथ 15:22-28 मध्ये शेवटचा शत्रू मृत्यू नाहीसा होतो आणि देव सर्वांत सर्व होतो. याला नेहमीचं उत्तर म्हणजे 'सर्व म्हणजे सर्व प्रकारचे लोक', आणि 1 तीमथ्य 2 मध्ये ते पटण्यासारखंही आहे, कारण तिथे राजांचा आणि अधिकाऱ्यांचा उल्लेख आधी येतो. रोमकरांस 5 मध्ये मात्र ते ताणल्यासारखं होतं, कारण आदामाच्या बाजूचे 'सर्व' खरोखरच सर्व आहेत. तिथे पारंपरिक बाजूने एक वचन मागे जावं: 5:17 मध्ये कृपेची देणगी स्वीकारणाऱ्यांबद्दल बोललं आहे. 1 करिंथ 15:23 मध्येही 'जे ख्रिस्ताचे आहेत ते' असं येतं, आणि कलस्सै 1:23 मध्ये विश्वासात टिकून राहण्याची अट आहे. सर्वतारणवादी म्हणतात, अट मान्यच आहे. शेवटी सगळे ती पूर्ण करतील. म्हणजे वाद पुन्हा 'केव्हापर्यंत?' या प्रश्नावर आला.

फिलिप्पै 2:10-11 मध्येही तेच. प्रत्येक गुडघा टेकेल, प्रत्येक जीभ कबूल करेल. ही कबुली आनंदाची की पराभूताची? पौल यशया 45:23 मधून बोलतो आहे, आणि पुढच्याच वचनात देवावर संतापलेले लज्जित होतील असं आहे. पण त्याच अध्यायात, 45:22 मध्ये, पृथ्वीच्या सर्व सीमांना तारणाचं आमंत्रणही आहे. फक्त आपल्या सोयीचं शेजारचं वचन वाचून दाखवणारा वक्ता कोणत्याही बाजूचा असो, त्याला थांबवून दुसरंही वाचायला लावा.

प्रकटीकरण हे सर्वतारणवादाचं सगळ्यांत अवघड मैदान. 14:11 मध्ये यातनेचा धूर युगानुयुग वर जातो आणि रात्रंदिवस विसावा नाही. 20:10 मध्ये सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांना युगानुयुग पीडा. नाशवादी इथे यशया 34:10 मधला अदोमचा धूर दाखवतात, जिथे देश नष्ट झाला आहे आणि धूर त्याची साक्ष देतो. सर्वतारणवादी पुढे 21 व्या अध्यायात जातात. 19:19 मध्ये कोकऱ्याविरुद्ध (म्हणजे ख्रिस्ताविरुद्ध) लढायला जमलेले पृथ्वीचे राजे 21:24 मध्ये नव्या यरुशलेमेत आपलं वैभव घेऊन येतात, आणि 21:25 प्रमाणे वेशी कधीच बंद होत नाहीत. रॉबिन पॅरी यांनी 2006 मध्ये ग्रेगरी मॅकडोनल्ड या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात हे वाचन फार काळजीपूर्वक मांडलं आहे. मला ते लक्षवेधी वाटतं, पण निर्णायक वाटत नाही. 21:27 मध्ये अशुद्ध काहीही आत येणार नाही, 22:15 मध्ये काही जण बाहेर आहेत. बाहेरचे झगे धुऊन आत येतात असं चित्र प्रकटीकरणाचा लेखक योहान स्पष्टपणे कुठेही काढत नाही. ते 22:14 आणि उघड्या वेशींवरून अनुमानाने काढावं लागतं.

सर्वतारणवादाची मूळ अडचण माझ्या दृष्टीने हीच. नरकात जाणाऱ्यांबद्दल वचनं आहेत. नरकातून बाहेर आलेल्यांबद्दल एकही सरळ वचन नाही. कैदेतल्या आत्म्यांना आणि मृतांना घोषणा झाल्याचं सांगणारी 1 पेत्र 3:19 आणि 4:6 ही वचनं दाखवली जातात, पण तिथे कोणाला, केव्हा आणि काय घोषित केलं यावरच भाष्यकारांचं एकमत नाही. एवढ्या संदिग्ध आधारावर सिद्धांत उभा करू नये. 1 करिंथ 3:15 मधला अग्नीतून वाचणारा माणूस ख्रिस्ताच्या पायावर बांधणारा कामकरी आहे, ख्रिस्ताला नाकारणारा नव्हे. पारंपरिक बाजूनेही इथे हुरळून जाऊ नये. इब्री 9:27 मध्ये मरण आणि नंतर न्याय एवढंच आहे. न्यायानंतर काहीच होऊ शकत नाही असं ते वचन स्वतःहून म्हणत नाही. दार बंद होण्याची भाषा लूक 13:25 आणि मत्तय 25:10 मध्ये जास्त स्पष्ट आहे. मृत्यूबरोबर संधी संपते हे मत मला वचनांच्या एकूण वळणाशी अधिक जुळणारं वाटतं. पण त्यातही एक पायरी अनुमानाचीच आहे, आणि शिकवणाऱ्याने ते उघडपणे सांगावं.

इतिहासाचा वापर दोन्हीकडून फार ढिसाळ होतो. 'सर्वतारण 553 मध्ये पाखंड ठरलं' हे वाक्य अर्धवट आहे. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन याच्या नावाशी जोडलेली मतं 543 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या फर्मानाने आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या संदर्भात धिक्कारली गेली. पण त्या निषेधांचा परिषदेच्या अधिकृत कामकाजाशी नेमका संबंध काय हा अभ्यासकांमध्ये वादाचा विषय आहे, आणि त्यांचा रोख आत्मे जन्माआधीपासून असतात या मताशी जोडलेल्या पुनःस्थापनेवर (सगळे शेवटी देवाकडे परततील या शिकवणीवर) होता. निस्साचा ग्रेगरी या चौथ्या शतकातल्या बिशपने सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा लिहून ठेवली आणि तरी तो संत म्हणूनच गणला गेला. उलट बाजूने 'पहिली मंडळी सर्वतारणवादीच होती' हेही अतिशयोक्त आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या (लूथरपंथीयांच्या विश्वासाच्या निवेदनाच्या) 17 व्या कलमात शिक्षेला अंत आहे असं शिकवणाऱ्यांचा निषेध आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या 1553 च्या 42 कलमांतलं शेवटचं कलम सर्वतारणाविरुद्ध होतं. 1563 च्या सुधारणेत ते गळलं.

इव्हँजेलिकल नेतृत्व या विषयावर इतकं सावध का, हे समजायला अमेरिकेतला एक धागा पुरेसा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे युनिव्हर्सलिस्ट मंडळ्या संघटित झाल्या. सुरुवातीचे पुढारी बायबलवरूनच बोलत होते. होसेया बॅलू यांनी 1805 च्या ग्रंथात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) आणि प्रायश्चित्त (ख्रिस्ताने क्रुसावर पापांची केलेली भरपाई) यांची रूढ शिकवण सोडली, आणि पुढे मृत्यूनंतरची शिक्षाच नाकारली. 1961 मध्ये तो संप्रदाय त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियनांत विलीन झाला. एक सिद्धांत सैल केला की बाकीचे ओघळतात ही भीती या इतिहासातून येते. ती भीती निराधार नाही. पण पॅरी त्रैक्य आणि प्रायश्चित्त पूर्णपणे मानतात, म्हणून त्यांना बॅलूंच्या रांगेत बसवणं अन्याय आहे.

नाशवादाला मिळालेली वागणूक वेगळी, आणि तिच्यावरून चौकटी कशा सरकतात ते दिसतं. एडवर्ड फज यांचा नाशवादाच्या बाजूचा ग्रंथ 1982 मध्ये आला. 1988 मध्ये ब्रिटनमधले नामवंत इव्हँजेलिकल पुढारी जॉन स्टॉट यांनी, अंतिम मत म्हणून नव्हे पण वचनाधारित पर्याय म्हणून, नाशवादाला जागा द्यावी असं लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली. 2000 मध्ये ब्रिटनच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या अभ्यासगटाने अहवालात सशर्त अमरत्वाला इव्हँजेलिकलांमधलं महत्त्वाचं अल्पसंख्य मत म्हटलं. सर्वतारणवादाला ती मान्यता दिली नाही. नरकाविषयीच्या चार मतांचं एक परिचित इव्हँजेलिकल पुस्तक 1992 मध्ये निघालं तेव्हा त्यात सर्वतारणवादी लेखक नव्हता. 2016 च्या नव्या आवृत्तीत पॅरी आहेत. चर्चेच्या टेबलावर जागा मिळाली आहे, विश्वासाच्या निवेदनात नाही.

म्हणून 'असू शकतो का' याचं व्यावहारिक उत्तर कागदावर शोधावं. तुमची मंडळी, सेमिनरी किंवा मिशन संस्था ज्या विश्वासाच्या निवेदनावर सही मागते, त्यातली नेमकी शब्दरचना वाचा. गॉस्पेल कोअलिशन या इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या जाळ्याच्या निवेदनासारखं अनंत आणि 'जाणीव शाबूत असताना भोगायची' शिक्षा असं म्हटलं असेल, तर नाशवादीही बाहेर. फक्त 'सार्वकालिक शिक्षा' असेल तर नाशवादी आपल्या अर्थाने सही करू शकतो. सर्वतारणवादी शब्दार्थ ताणून करू शकेल, पण ज्यांनी ते निवेदन लिहिलं त्यांना ते अभिप्रेत नसतं. 1974 च्या लोझान करारात, म्हणजे इव्हँजेलिकलांच्या जागतिक परिषदेच्या निवेदनात, ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांच्या देवापासूनच्या सार्वकालिक ताटातुटीचा उल्लेख आहे, आणि सर्व लोक आपोआप किंवा अखेरीस तारले जातात असा दावा आपण करत नाही असंही म्हटलं आहे. इव्हँजेलिकल थिओलॉजिकल सोसायटी या अभ्यासकांच्या संघटनेची लेखी अट मात्र वचनाची अचूकता आणि त्रैक्य एवढीच आहे. मत बदललं असेल तर मनातल्या मनात शब्दांचा वेगळा अर्थ लावून सही करू नका. आधी वडीलमंडळाशी किंवा डीनशी बोला, तेही व्यासपीठावरून काही बोलण्याच्या आधी. अशा प्रकरणांत मताइतकीच लपवाछपवी जखम करते.

मंडळीत हा विषय घ्यायचा असेल तर एका प्रवचनात उरकू नका. दीड-दीड तासाच्या पाच बैठका ठेवा. पहिल्या बैठकीत अधोलोक, गेहेन्ना, अग्निसरोवर यांची वचनं, भाष्याशिवाय, फक्त वाचून. दुसरीत न्यायाचे इशारे. मत्तय 10:28, मार्क 9:43-48 आणि 2 थेस्सलनीका 1:9 धरून. तिसरीत पौलाची 'सर्व' वचनं. चौथीत मृत्यूनंतरच्या संधीबद्दलचे सगळे आधार, कमकुवत धरूनही. इतिहास पाचवीत, कारण तो आधी आला की लोक वचन वाचायचं सोडून बाजू निवडतात. प्रत्येक बैठकीत ज्याला जे मत पटत नाही त्यानेच ते मांडावं, आणि ते मत मानणाऱ्याने 'हो, मी हेच म्हणतो' असं म्हटल्याशिवाय टीका सुरू करू नये. नाशवादावर बोलताना प्रकटीकरण 20:10 टाळलं जातं, सर्वतारणावर बोलताना मत्तय 26:24, आणि पारंपरिक मतावर बोलताना रोमकरांस 5:18. ही तीन वचनं ज्या त्या दिवशी फळ्यावर लिहूनच ठेवा.

'सगळे तारले जाणार असतील तर सुवार्ता कशाला सांगायची?' हा आक्षेप हमखास येईल. त्यावर फार वेळ घालवू नका. सर्वतारणवादी म्हणतील की आज्ञा आहे म्हणून, आणि नरकाचा एक दिवसही कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून. कॅल्व्हिनवाद्याला 'निवडलेले ठरलेलेच आहेत तर कशाला?' असं विचारलं की तोही आज्ञेकडेच बोट दाखवतो. या आक्षेपाने सिद्धांत खरा की खोटा हे ठरत नाही. इशाऱ्यांची निकड व्यवहारात टिकते का, हा त्यातला विचार करण्याजोगा भाग आहे, आणि बॅलूंच्या वारसदारांच्या बाबतीत ती टिकली नाही.

बैठकांना येणाऱ्यांपैकी काही जण सिद्धांतासाठी आलेले नसतात. विश्वास न ठेवता गेलेला मुलगा, वडील, बायको त्यांच्या मनात असतात. अशा माणसाला गटासमोर उत्तर देऊ नका. बैठक संपल्यावर एकट्याने भेटा. त्या व्यक्तीचा निकाल काय लागला हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, कठोर दिशेनेही नाही आणि गोड दिशेनेही नाही. शेवटच्या घटकांत त्या माणसाच्या आणि देवाच्या मध्ये काय घडलं हे कोणत्याच भूमिकेच्या शिक्षकाला ठाऊक नसतं. उत्पत्ती 18:25 मधला अब्राहामाचा प्रश्न, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही का, त्या भेटीत एकत्र वाचता येतो. अंत्यविधीच्या प्रवचनातही हीच मर्यादा पाळा: जिवंत असलेल्यांना ख्रिस्ताकडे बोलवा आणि मृताबद्दल निकाल देऊ नका.